सव्वीस तास आणि ज्येष्ठमधाची बाटली

सोमवार, दिनांक २७ ऑक्टोबर २०२५ रोजी दुपारी सव्वाबारा वाजता, बहारीनच्या मनामा शहरातल्या एका हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर जिकरा यांनी हातातल्या कागदावरचा आकडा मोठ्याने वाचला, "पोटॅशियम दो पॉइंट एक? इतना कम कैसे हुआ?" त्या क्षणापासून माझं सगळं बदललं. त्याआधीचा मी वेगळा होतो, नंतरचा वेगळा. हे मृत्युपत्र नंतरचा लिहितो आहे.

मी, समाधान खंडू सरकटे, वय २३, मूळ राहणार मेहकर, जिल्हा बुलढाणा, सध्या मुक्काम मनामाच्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागची गल्ली, तिसरा मजला, धंदा जडीबुटीच्या दुकानात नोकरी, शिक्षण बी. फार्म. तिसऱ्या वर्षातून सोडलेलं, याद्वारे लिहून ठेवतो की माझं डोकं गरम असलं तरी ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी पाजलेली नाही. सकाळचे नऊ वाजलेत, आज शुक्रवार, दुकान बंद आहे.

या वयात मृत्युपत्र कशाला, असं वाचणाऱ्याला वाटेल. हिद्दच्या बंदरातून सुटणाऱ्या एका बार्जवर मी सहा महिन्यांसाठी स्टोअरच्या कामाला चाललो आहे. आज दुपारी चारला हजर व्हायचं आहे. एजंटने फॉर्म भरून घेतला, त्यात एक रकाना होता की माणूस गेल्यास सामान कोणाला द्यावं. बाकीच्या पोरांनी हसत हसत बापाचं नाव टाकलं. माझा हात थांबला. मला मरायचं नाही, हे इथेच स्पष्ट लिहितो, म्हणजे आईने उगाच ऊर बडवून घेऊ नये. पण माझ्याजवळ एक गोष्ट अशी आहे की ती माझ्याबरोबर समुद्रात जाता कामा नये.

कलम १. स्थावर मालमत्ता. नाही. मेहकरच्या घरात माझा जो काही हिस्सा निघेल तो बहीण सीमा हिला द्यावा. "पोरीला कायले घर?" असं बाबांनी म्हणू नये. म्हटलंच तर सीमाने हा कागद दाखवावा.

कलम २. बँकेत जे असेल ते आई चंपाबाई हिचं. त्यातून तिने आधी स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत, मग बाकीचं. आई, तू हे "आधी पोरीचं, आधी घराचं" करत बसू नकोस.

कलम ३. इलेक्ट्रिक शेगडी, दोन पातेली आणि खिडकीकडचा पलंग माझ्या खोलीतला सोबती अर्सलान याला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं कळलं, म्हणून त्याला साक्षीदार केलेला नाही. तर तो रुसून बसला आहे. "यार, मेरी गवाही की कोई इज्जत नहीं?" मी म्हटलं, इज्जत पाहिजे की पलंग? तो म्हणाला, पलंग.

कलम ४. माझ्या कॉलेजला काहीही देऊ नये. कॉलेजचं नाव लिहीत नाही. का सोडलं ते मात्र लिहितो, कारण ते पुढे लागणार आहे.

तिसऱ्या वर्षाला माझा प्रकल्प होता ज्येष्ठमधाच्या मुळाचा. लोकांना वाटतं, खोकल्याची काडी, चघळली की झालं. त्या काडीत तीनशेच्या वर घटक शोधले गेलेत. साखरेच्या कितीतरी पट गोड असणारं ग्लिसिरायझिन त्यातलंच. ते पाण्यात उतरतं. ग्लॅब्रिडिन पाण्याला दाद देत नाही, त्याला अल्कोहोल लागतं. त्वचेवरच्या काळ्या डागांवर ते चालतं का, यावर लोकांनी आयुष्यं घातली आहेत. काही घटक सूज उतरवतात, काही पोटाच्या जखमेवर काम करतात, काहींना विषाणूंसमोर उभं करून बघणं चालू आहे. काचेच्या पट्टीवर मुळाचा अर्क चढवला आणि जांभळ्या दिव्याखाली धरला की एकेक घटक वेगळा ठिपका होऊन उभा राहतो. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटाच ओरडलो होतो.

तर माझ्या पट्टीवर काही नमुन्यांत ज्येष्ठमधाचे ठिपके उमटलेच नाहीत. ती गुंजेची मुळं निघाली. दिसायला सारखी, चवीला गोडसर, भेसळीला सोयीची. मी तसं अहवालात लिहिलं. सर म्हणाले, "सरकटे, हे पान काढून टाक. माल पुरवणारा आपल्या ओळखीचा आहे." मी म्हटलं, पट्टी खोटं बोलत नाही. ते म्हणाले, "पट्टी कुठे परीक्षेला बसणार आहे? तू बसणार आहेस." मी समोरची काचेची बरणी जमिनीवर आपटली आणि बाहेर पडलो तो परत गेलो नाही.

बाबा तेव्हा इथेच एसीच्या कामावर होते. फोनवर म्हणाले, "लेका, तुह्या डोक्यात जाळ हाये नुस्ता. थे पान काढलं असतं त काय झालं असतं?" मी म्हटलं, खोटं झालं असतं बाबा. मग म्हणाले, "ये मग इकडं." मी आल्यावर दोन महिन्यांनी त्यांची नोकरी संपून ते गावी गेले. माझा आतापर्यंतचा एकुलता एक अभिमान हाच होता, की खरं लपवा म्हणाले म्हणून मी कॉलेज सोडलं. वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

कलम ५. पितळी खलबत्ता दुकानात तसाच राहू द्यावा, तो मालकाचा आहे. जांभळ्या उजेडाची बॅटरी, काचेच्या पट्ट्या आणि अर्धवट राहिलेलं काम सीमाला. काम असं, की मुळातलं ग्लिसिरायझिन बाजूला काढायचं आणि उरलेल्या घटकांतून पोटाच्या जखमेवर काय साधतं ते पाहायचं. हे जगात आधीच झालेलं आहे, नवं नाही. पण आपल्या हाताने, आपल्या प्रयोगशाळेत कर. सीमा, तू सायन्सला आहेस, माझ्यापेक्षा शांत आहेस. कोणी पान काढून टाक म्हणालं तर बरणी फोडू नकोस. पानाची दुसरी प्रत ठेव.

कलम ६. निळी शाल श्री. राजन टिपणीस यांना परत करावी. ते इथे मोठ्या कंपनीत अकाउंटंट आहेत, मूळचे पुण्याचे, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत गातात. शाल त्यांनी स्वतः माझ्या खांद्यावर घातली. मी ती एकदाही वापरलेली नाही. घडी तशीच आहे.

त्यांची ओळख त्यांच्या मुलीमुळे झाली. गेल्या ऑगस्टमध्ये सावनी दुकानात आली. सखीरच्या कॅम्पसमध्ये शिकते, पाठीला बॅग, कानात ते पांढरं. म्हणाली, "भैया, ज्येष्ठमध है क्या? सिंगिंग के लिए. बाबा का थ्रोट." मी म्हटलं, आहे ना. ती म्हणाली, "ओह. मराठी." आणि हसली. मी तिला दुकानातली सगळ्यात चांगली मुळी निवडून दिली. तिने तिथेच एक काडी दातांनी सोलली आणि तोंड वाकडं केलं, "इट्स टू स्वीट. अँड देन इट्स नॉट." ज्येष्ठमधाची चव इतकी नेमकी मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. चावलेली काडी ती काउंटरवर विसरून गेली. पुढे ती कलम ८ मध्ये येईल.

राजनकाकांनी पहिल्या भेटीत विचारलं, "सरकटे म्हणजे कुठले तुम्ही?"

"मेहकर."

"नाही, म्हणजे तसे कुठले?"

"तसेही मेहकरचेच."

त्यांच्या बायकोने, स्मिताकाकूंनी, मध्येच चहा आणला म्हणून तेवढ्यावर राहिलं. मला कळलं होतं त्यांना काय विचारायचं आहे, आणि माझं डोकं तापलंच होतं, पण समोर सावनी बसली होती. मी चहा प्यायलो आणि ठरवलं, या माणसाचा गळा मी उघडून दाखवतो. मग बघू कोण कुठला.

मुळी उकळून, आटवून, गाळून दाट अर्क केला. रोज सकाळी एक चमचा म्हणून सांगितलं. आठवड्याने त्यांचा फोन आला, "अरे, काय दिलंस! वरचा षड्ज लागला!" दुसरी बाटली, तिसरी बाटली. मंडळातल्या लोकांना सांगायला लागले, हा पोरगा म्हणजे चालता-बोलता काढा आहे. एकाचे तीन चमचे त्यांनी स्वतःच केले. चौथी बाटली मी अजून दाट केली. त्यांनी मागितली म्हणून नाही. त्यांच्या घरी जेवायला बोलावणं आलं होतं म्हणून.

ते रक्तदाबासाठी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी घेतात, हे मी विचारलं नाही. बी. फार्म.चा तीन वर्षांचा विद्यार्थी. विचारलं नाही.

कलम ७. माझी हिरव्या पुठ्ठ्याची वही डॉक्टर जिकरा यांना द्यावी. त्यात शेवटच्या पानावर मी त्यांच्यासाठी लिहिलंय, तेच इथे थोडक्यात. मूत्रपिंडात एक विकर राखण करत बसलेलं असतं. रक्तात फिरणाऱ्या कॉर्टिसॉलला ते आत घुसू देत नाही. ग्लिसिरायझिन पोटात गेल्यावर जे रूप घेतं, ते या राखणदाराला झोपवतं. मग कॉर्टिसॉल आत जाऊन मालक असल्यासारखे हुकूम सोडतं, मीठ अंगात साचतं, दाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. पाण्याची गोळी आधीच ते बाहेर काढत असेल, तर गळती दोन्हीकडून. पोटॅशियम गेलं की स्नायू ऐकत नाहीत. हृदय हाही स्नायूच आहे.

मॅडमना विनंती अशी, की पेशंटला "और कोई दवाई? देसी, हर्बल?" एवढंच विचारू नये. आमच्याकडे ज्येष्ठमधाला कोणी औषध म्हणत नाही. घरात आल्याला, हळदीला कोण औषध म्हणतं? "घर में गले के लिए, पेट के लिए कुछ लेते हो? मुलेठी, काढ़ा?" असं नाव घेऊन विचारावं. नाव घेतलं असतं तर त्या दिवशी स्मिताकाकूंनी लगेच पर्स उघडली असती.

कलम ८. सावनीच्या दातांच्या खुणा असलेली ज्येष्ठमधाची काडी. ती पाकिटात, रेसिडेंट कार्डाच्या मागे आहे. ती कोणालाही देऊ नये. मी सापडलो तर माझ्यासोबत असू द्यावी, मी सापडलो नाही तर प्रश्नच मिटला.

गेल्या रविवारी दुपारी ती हिद्दला मला शोधत आली. मी बार्जवर चाललोय हे तिला अर्सलानने सांगितलं. ती मराठी सगळं समजते, पण रागावली की इंग्रजीच बोलते. म्हणाली, "बाबा सेड येस टू अस. आई सेड येस. यू सेव्ह्ड हिम, समाधान. सो व्हाय आर यू रनिंग?"

मी म्हटलं, कॉन्ट्रॅक्ट चांगलं आहे.

"डोन्ट. माझ्याशी असं नको बोलू." हे ती मराठीत म्हणाली. ते जास्त लागलं.

मी क्रेनकडे बघत राहिलो. तिने पाच मिनिटं वाट बघितली. मी मोजली. मग म्हणाली, "खलास. जा मग." आणि टॅक्सीत बसली. काच वर करताना तिने डोळे पुसले की केस मागे केले, मला नीट दिसलं नाही. तेव्हापासून मी तेच ठरवत बसलो आहे. सहा महिने समुद्रात राहिलो तरी ठरणार नाही.

तिला देण्यासारखं माझ्याजवळ फक्त कलम ९ आहे.

कलम ९. हे कलम माझ्या पश्चात सौ. स्मिता टिपणीस यांना मोठ्याने वाचून दाखवावं. सावनीच्या समोर.

काकू, मंडळाचा कार्यक्रम शुक्रवारी झाला. काकांनी दोन तास गायलं. सोमवारी सकाळी त्यांना पलंगावरून पाय खाली टाकता येईना. सव्वाबाराला डॉक्टरांनी तो आकडा वाचला आणि विचारलं, "और कोई दवाई? देसी, हर्बल?" तुम्ही म्हणालात, "नहीं नहीं, बस बीपी की गोली." तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुमच्या मांडीवरच्या पर्समध्ये माझी बाटली होती, आणि ती तुमच्या लेखी औषध नव्हतीच.

माझ्या लेखी होती. मला त्याच सेकंदाला कळलं. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलेलं आहे. मी तोंड उघडलं. तेवढ्यात सावनीने तुमच्या देखत माझा हात धरला. पहिल्यांदा. आणि मी तोंड मिटलं. मला वाटलं, बोललो तर हा हात जाईल.

संध्याकाळी पाच वाजता तुम्ही पर्समधून बाटली काढलीत. "घसा कोरडा पडला असेल हो," म्हणालात, आणि दोन चमचे त्यांना पाजलेत. मी पाण्याचा ग्लास धरून शेजारी उभा होतो. काकू, मी पाणी दिलं. चमच्याला हात लावला नाही. नर्स सलाइनमधून पोटॅशियम चढवत होती आणि दुसरीकडून आपण ते काढत होतो. मंगळवारी सकाळी तुम्ही परत दोन चमचे दिलेत. मी तेव्हाही तिथेच होतो.

अकरा वाजता पडद्यावरची हिरवी रेघ वेडीवाकडी झाली. सगळे धावत आले, आपल्याला बाहेर काढलं, आतून "क्लिअर" असा आवाज आला. सावनी भिंतीला डोकं लावून उभी होती. तेव्हाही मी बोललो नाही. आणखी तीन तास गेले. सव्वादोनला मी डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणालो, "मॅडम, मुझे अभी याद आया."

याद आया. सव्वीस तासांनी.

त्यांनी अर्क बंद केला, औषध बदललं, काका वाचले. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इस लड़के ने बचा लिया." काकांनी शाल घातली, "सरकटे, तू आता घरचाच." मला तसे कुठले म्हणून विचारणारा माणूस मला घरचा म्हणाला, आणि ते मी चोरून मिळवलेलं होतं. त्या शालीखाली मला घाम फुटला.

आणि तुम्ही, काकू. तुम्ही तेव्हापासून म्हणत असता, "मीच पाजलं. माझ्या हाताला विष आहे." नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. सोमवारच्या सव्वाबारापासून पुढचा प्रत्येक चमचा माझा आहे. तुमच्या हाताचा त्यात काही संबंध नाही. सावनी, जिने माझा हात धरला होता, तिलाही हे कळावं. तिने हात धरला म्हणून मी गप्प बसलो असं तिने मनाला लावून घेऊ नये. हात तिचा होता, जीभ माझी होती.

अहवालातलं एक पान काढ म्हटल्यावर मी बरणी फोडली होती. इथे मला कोणीही काही काढायला सांगितलं नव्हतं. मी आपणहून सव्वीस तासांची पानं फाडली.

कलम १०. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या वस्तू वाटण्याचं काम विनीत यांनी करावं. ते सखीरच्या रेस ट्रॅकवर इलेक्ट्रिशियन आहेत, साताऱ्याचे, आणि या इमारतीत वेळेवर काम करणारे ते एकटेच.

येथवर जे लिहिलं ते माझं, माझ्या अक्षरात, माझ्या शुद्धीत.

सही : समाधान खंडू सरकटे
ठिकाण : मनामा, बहारीन
दिनांक : शुक्रवार, ९ जानेवारी २०२६, सकाळी १०.१०

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली :
१. विनीत मधुकर साळोखे
२. शेवंती दगडू लोंढे, खालच्या मजल्यावर डबे करते

पुरवणी, त्याच कागदावर, त्याच दिवशी, १०.४०.

सह्या झाल्यावर शेवंतीमावशी उठल्या नाहीत. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सही केलीय मी, न वाचता नाय जायची," आणि बोट ठेवून ठेवून सगळं वाचलं. कलम नऊला त्यांचं बोट खूप वेळ थांबलं.

मग म्हणाल्या, "टिपणीसबाई ना ही? उम अल हस्समला राहती ती?"

मी हो म्हटलं.

"तिच्याकडं दीड महिना झाला डबा माझा जातो, तुला ठाव हाय का? बाईनं शेगडीच बंद केलीय. चहासुद्धा नवरा करून घेतो. काल दारात मला म्हणती, शेवंताबाई, तुमचा हात चांगला, माझा नाय." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "आणि तू लिवतोस, माझ्या पश्चात वाचावं. तू साठ वर्षं जगलास म्हंजे? साठ वर्षं ती बाई माझी आमटी खाणार?"

विनीत म्हणाला, "मावशी, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं."

"मग हे मृत्युपत्र नाय," मावशी म्हणाल्या. "हे पोरगं परत तेच करतंय."

मला राग आला, जसा नेहमी येतो, आणि मी काहीतरी फोडायला हात पुढे केला, तर समोर फक्त हा कागद होता.

त्यांचं खरं आहे. हा कागद विनीतच्या पेटीत ठेवून मी दुपारी चारला बार्जवर चढणार होतो. म्हणजे सव्वीस तासांचे सहा महिने करणार होतो, आणि नशीब असलं तर साठ वर्षं.

तरी दुरुस्ती नोंदवतो. कलम १ ते ५ आणि १० माझ्या पश्चात लागू होतील. कलम ९ आज, आत्ता, लागू होईल. मृत्यूची अट काढून टाकली आहे. पान काढलेलं नाही.

शाल कागदाच्या पिशवीत घेतली आहे. वही घेतली आहे, हॉस्पिटल वाटेतच आहे. काडीबद्दल कलम ८ रद्द. ती सावनीपुढे ठेवीन. तिची आहे, तिने ठेवावी किंवा टाकावी. अर्सलानने विचारलं, "शादी करने जा रहा है या मार खाने?" मी म्हटलं, दुसरं. तो म्हणाला, "यल्ला, चलो, फिर पलंग तो मेरा पक्का." मग तो हसला नाही. त्याने माझी कॉलर सरळ केली.

उम अल हस्समची बस दहा-पन्नासला आहे. कलम नऊ मी स्वतः वाचीन, मोठ्याने, काकूंच्या समोर, आणि सावनी खोलीतून उठून गेली तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन. चारला बार्ज गाठायचा की नाही, ते त्यानंतर.

विनीत आणि मावशी बाहेर जिन्यात थांबलेत. पेनाचं टोपण लावतो. दिवा बंद करतो. दार ओढून घेतो.